सहा दिवस शाळा, सातव्या दिवशी देऊळ

मिस दारात येऊन पाणी मागायच्या. शाळा भरायच्या वेळेला खांद्याला कापडी पिशवी लावून त्या कुणाच्या अंगणात शिरल्या आणि "पाणी द्या बरं घोटभर" म्हणाल्या, की त्या घरातलं पोर आज शाळेत गेलेलं नाही हे शेजारपाजारच्यांना कळायचं. मिसना तहान लागलेली नसायची. त्या उंबऱ्याशी बसायच्या, तांब्या मांडीवर ठेवायच्या आणि कढत चहा प्यावा तसं एकेक घोट पाणी प्यायच्या. पोराचं तोंड धुऊन, केस विंचरून, पाटी सापडेपर्यंत तांब्यातलं पाणी संपायचं नाही. पोर दारात आलं की उरलेलं पाणी अंगणातल्या झाडाला घालून त्या उठायच्या. शाळेत का पाठवलं नाही, असं त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. "विचारलं की लोक कारण सांगत्यात," त्या म्हणायच्या, "आन् कारण ऐकत बसलं की ते खरं वाटाया लागतंय."

पाणी मागणं आमच्या गावात वाटतं तेवढं सोपं नव्हतं. मिस ख्रिस्ती, आणि त्यांच्या सासऱ्यांचं घराणं मूळचं गावकुसाबाहेरचं. त्या सून म्हणून आल्या तेव्हा वरच्या आळीत त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. पाटलांच्या घरी पहिल्यांदा गेल्या तेव्हा पाटलीणबाई तांब्या घेऊन ओतायला उभ्या राहिल्या. मिसनी हात पदराला पुसले आणि मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "भांड्यातच द्या मावशी. मला बसून प्यायचंय. पोराला येळ लागंल." त्या दिवशी पाणी मिळालं नाही, पोरगं मात्र मिळालं. मिस पुन्हा गेल्या, पुन्हा तेच म्हणाल्या. अखेर त्यांच्यासाठी एक वेगळं फुलपात्र कोनाड्यात आलं. पुढं ते फुलपात्र घरातल्या भांड्यांत कधी मिसळलं, हे पाटलीणबाईंनाही सांगता आलं नसतं. मला हे सांगितलं ते पाटलांच्या त्याच पोरानं. बांधाच्या भांडणात तो माझा अशील होता, आणि तारखेची वाट बघत कोर्टाच्या व्हरांड्यात बसलं की माणसं असलं बरंच काही सांगतात.

मी बीडला वकिली करते. माझे अब्बा नेकनूरच्या बाजारात फळांचा गाडा लावायचे आणि आमचं गाव तिथून चालत तासाभरावर. मिसचं खरं नाव सुमनबाई होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायचं. फार पूर्वी मिशनच्या गोऱ्या बाया गावात यायच्या, त्यांना लोक मिससाहेब म्हणत. त्या मायदेशी गेल्या, त्यांच्याबरोबर साहेबही गेलं आणि नुसतं मिस मागं राहिलं. ते ज्या कुणी बाई शाळेत उभ्या राहतील त्यांना चिकटायचं. सुमनबाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, दोन मुलांच्या आई. त्यांचे मालक एस. टी.त कंडक्टर होते, ते नोकरीत असतानाच वारले. मुलं पुढं पुण्याला गेली. मिस कुठंही गेल्या नाहीत.

आमची शाळा देवळात भरायची. देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. आमच्या आळीत त्याला गिरजा म्हणत, बाकीचं गाव मिशन म्हणे. दगडी भिंतींची, पत्र्याची एकच लांब खोली. निजामाच्या राज्यात सरकारी शाळा उर्दूतून चालायच्या आणि त्याही मोठ्या गावांत. आमच्यासारख्या आडगावात मराठी अक्षर पहिल्यांदा गिरवलं गेलं ते या खोलीत. मिसचे सासरे तिथले पहिले मास्तर, आणि रविवारी उपदेश करणारेही तेच. गाव त्यांना थोरले मास्तर म्हणायचं. धर्म वाढावा म्हणूनच मिशननं शाळा काढली होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही. मिसही लपवत नसत. पण झालं उलटंच. देऊळ पाच-सात घरांच्या पुढं कधी गेलं नाही, आणि शाळा मात्र साऱ्या गावात पसरली. पुढं मिशननं शाळा सरकारच्या हवाली केली. शिक्षक सरकारचे झाले, पुस्तकं सरकारची झाली, खोली देवळाची राहिली. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी उपासना. यावर कुणी कुणाला काही लिहून दिलेलं नव्हतं आणि मागितलंही नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना आम्ही खोली फिरवायचो. क्रूस पूर्वेच्या भिंतीवर आणि फळा पश्चिमेच्या. आठवडाभर आमची पाठ क्रुसाकडे असायची. शनिवारी फळ्यावर जुनं धोतर टाकायचं, टेबल उचलून पूर्वेला न्यायचं, नकाशे गुंडाळायचे, जमीन झाडायची. सोमवारी सकाळी पुन्हा सगळं उलट. नव्या मुलांना वाटायचं की जगातल्या सगळ्याच शाळा अशा फिरतात. आमची दादी या बाबतीत फार समाधानी होती. अब्बांनी एकदा पोरगी गिरजात बसते म्हणून कुरकुर केली, तेव्हा दादीनं त्यांना गप्प केलं. "पच्छिमेकडं, मक्केकडं तोंड करून बसत्यात ना पोरं? मग झालं तर. तू बाजारात कुठं तोंड करून बसतो, ते बघ आधी."

दुसरी रीत बस्कराची. प्रत्येकानं घरून बस्कर आणायचं, पण स्वतःच्या बस्करावर बसायचं नाही. सकाळी सगळी बस्करं दारात एकावर एक रचायची, मिस ती पत्त्यांसारखी वरखाली करायच्या आणि ज्याच्या हाताला जे येईल त्यावर त्यानं दिवसभर बसायचं. सुटताना आपापलं घेऊन घरी. ही रीत थोरल्या मास्तरांची. त्यांच्या काळात वरच्या आळीतली पहिली मुलं शाळेत आली ती विटाळ नको म्हणून काखेत आपापलं बस्कर मारून. मास्तरांनी त्यांना परत पाठवलं नाही, समजावलंही नाही. "बस्कर आणलंस? लई चांगलं केलंस," म्हणाले आणि ते घेऊन दुसऱ्याला दिलं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं निघून गेली म्हणतात. मग हळूहळू आली, कारण शिकायला दुसरीकडं जाणार कुठं?

माझ्या वाट्याला एकदा मेंढपाळाच्या मुलाचं बस्कर आलं. घोंगडीचा तुकडा तो, मेंढरांचा वास येणारा आणि सुईसारखा टोचणारा. मी उभीच राहिले. मिस म्हणाल्या, "कावून उभी?" मी म्हटलं, टोचतंय. त्या म्हणाल्या, "त्याला रोज टोचत आसंल. बसून बघ, मग सांग." मी बसले. दुपारपर्यंत टोचलं, मग विसरले. त्याच दिवशी अम्मीनं नव्या चादरीचं शिवून दिलेलं माझं बस्कर पाटलांच्या पुतण्याकडं गेलं आणि शाई सांडून परत आलं. अम्मी तणतणत शाळेत गेली, मिसनी तिच्याकडंही पाणीच मागितलं.

मिसना राग यायचा, हेही सांगायला हवं, नाहीतर त्यांची मूर्ती होईल. गृहपाठ न केल्यावर त्या रागवायच्या नाहीत, खोटं बोलल्यावरही फारशा नाहीत, पण कुणी कुणाच्या आईबापाच्या धंद्यावरून बोललं की त्यांचा हात चालायचा. हात लहान होता पण लागायचा. शिवाय त्या भयंकर हट्टी होत्या. एखादं गणित चुकीच्या रीतीनं शिकवलं आणि दुसऱ्या गुरुजींनी दाखवून दिलं, तर त्या "बघते" म्हणायच्या आणि पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. पाचव्या दिवशी योग्य रीतीनं शिकवायच्या, जणू ती रीत त्यांनीच शोधली होती.

आणि आमेनची गंमत. मिशनच्या काळात शाळा प्रार्थनेनं सुरू व्हायची आणि शेवटी आमेन. शाळा सरकारची झाल्यावर प्रार्थना बदलली, पण आमेन काही गेलं नाही. मोठ्या मुलांचं ऐकून लहान मुलं म्हणायची, ती मोठी झाली की त्यांचं ऐकून पुढची. पाढा संपला की आमेन, कविता संपली की आमेन. आम्हा मुसलमानांच्या पोरांना ते आमीन वाटायचं, त्यामुळे आमच्या घरी कुणाची तक्रार नव्हती. एकदा तपासणीला नवे साहेब आले. त्यांनी एका मुलाला एकोणीसचा पाढा म्हणायला लावला. त्यानं न अडखळता म्हटला आणि डोळे मिटून, हात जोडून ठणठणीत आमेन ठोकलं. साहेब गोरेमोरे झाले. "बाई, हे काय?" मिस शांतपणे म्हणाल्या, "संपला म्हणून सांगतंय साहेब. न्हाईतर तुमी इसाचा इचारला असता." साहेब हसले आणि शेऱ्यात पाढे उत्तम असं लिहून गेले. त्यानंतर मिसनी आम्हांला आमेन म्हणायला बंदी केली. ती आम्ही पाळली नाही.

माझी चौथी झाली आणि अब्बांनी जाहीर केलं की आता बस. पाचवीला नेकनूरला जावं लागणार, रस्ता एकटा, पोरीची जात. मिस दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात. त्या वेळी सुट्टी लागलेली होती, तरी पाणी मागितलं. अब्बांना कळलं. ते म्हणाले, "मिस, शाळा तर बंद हाय." मिस म्हणाल्या, "मंग आज निवांत पिते." आणि खरंच दुपारपर्यंत बसल्या. अम्मीबरोबर ज्वारी निवडली, दादीच्या गुडघ्याला तेल लावलं, जेवल्या, पुन्हा पाणी मागितलं. अब्बा गाडा घेऊन जायचे ते गेलेच नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "मी रोज नेकनूरला जातोच. बसंल गाड्यावर. पर केळ्यांवर बसायचं न्हाई." पुढची सहा वर्षं मी फळांच्या गाड्यावर बसून शाळेत गेले. आज काळा कोट घालते तो त्या दुपारमुळे. हे मी सरळ सांगते, कारण आडून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पुढं मिस निवृत्त झाल्या. मी शिकले, सनद मिळाली, बीडला राहू लागले. गावात जायचे तेव्हा मिसकडं जायचे. नोकरी संपली होती पण त्यांचं पाणी पिणं संपलं नव्हतं. उलट आता काम वाढलं होतं. दसरा-दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव ऊस तोडायला जातं, पश्चिमेकडं नाहीतर कर्नाटकात. ट्रॅक्टरवर चूल, कोंबड्या, घडवंची आणि पोरं. पोरं एकदा उसाच्या फडावर गेली की वर्षाची शाळा बुडाली, आणि दोनतीन वर्षं अशी बुडाली की पुढं तेच पोर कोयता घेऊन जाणार. मिस टोळ्या निघायच्या आठवडाभर आधीपासून घरोघर फिरायच्या. पोराला आजीपाशी ठेवा, चुलत्यापाशी ठेवा, कुणीच नसेल तर माझ्यापाशी ठेवा. त्यांच्या घरी एका हिवाळ्यात नऊ पोरं मी स्वतः जेवताना पाहिली आहेत. हे सगळं जमायचं ते एकाच गोष्टीवर. शाळा गावात होती. म्हाताऱ्या आजीला पोर शाळेत पाठवायचं म्हणजे फक्त दारातून हाक मारायची होती.

आणि त्याच शाळेवर संकट आलं. देवळाचा पत्रा सडला होता, एका कोपऱ्यात वासा खाली आला होता. शिक्षण खात्याकडून माणूस येऊन बघून गेला आणि सांगून गेला की इथं मुलं बसवणं धोक्याचं आहे. दुरुस्ती हवी, पण जागा शाळेच्या नावावर नाही, म्हणून सरकारी पैसा लावता येत नाही. देवळाच्या विश्वस्तांचं म्हणणं असं की ज्या इमारतीत सहा दिवस सरकारी शाळा भरते तिच्यावर आम्ही खर्च का करावा? दोघांचंही बोलणं कायद्याला धरून होतं. जागा शाळेच्या नावावर करून द्या, नवी खोली बांधतो. नाहीतर मुलं ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेत जोडतो, हा सरकारचा शेवटचा निरोप. ओढ्यापलीकडं म्हणजे पावसाळ्यात पाणी आणि एरवी अर्ध्या तासाची वाट. आजीच्या हाकेनं तिथवर पोर जाणार नव्हतं. ते ट्रॅक्टरवर बसणार होतं.

मिसनी मला बोलावून घेतलं. मी वकिलासारखी बोलले. भाडेपट्टा करू, मालकी ठेवून वापर देऊ, रविवारपुरती सवलत मागू. मी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना जाऊन भेटलेही. भला माणूस होता. म्हणाले, "ताई, सरकारी खोलीत एका धर्माची उपासना चालेल असं मी कसं लिहून देऊ? उद्या सगळेच मागतील." म्हणजे प्रश्न साधा झाला होता. शाळा वाचवायची तर देऊळ द्यायचं, कायमचं. विश्वस्त म्हणाले, गावची मंडळी एकमतानं मागत असेल तर आम्ही परवानग्यांचं बघू. मंडळी म्हणजे तेव्हा उरलेली पाच घरं, आणि त्यांच्यातल्या सगळ्यांत वडील मिस.

मंडळी जमली ती देवळातच, एका रविवारी उपासना झाल्यावर. मिसनी मला बसायला सांगितलं, कायद्याचं कुणी विचारलं तर. कायद्याचं कुणी विचारलं नाही. बोलले ते दानियलकाका. दानियलकाका म्हणजे मिसचे धाकटे दीर. सासूबाई लवकर गेल्या म्हणून मिसनीच त्यांना वाढवलं होतं. त्यांची पहिली पाटी मिसच्या हातची. बीडला एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, पण रविवारी काही झालं तरी यायचे, कारण ढोलकी तेच वाजवायचे. मिसनी भजन उचलायचं आणि काकांनी ढोलकीवर थाप मारायची, असं कित्येक वर्षं चाललेलं. त्या दिवशी ते ढोलकी मांडीवर घेऊनच बोलले.

"वहिनी, बापानं डोक्यावर दगड वाहून बांधलेलं हाय हे. आपल्या लोकांला ह्या गावात टेकाया दुसरी जागा न्हवती. ती तुमी देऊन टाकाया निघालात. कुणासाठी? पोरं हाईतच किती? निम्मी इंग्रजी शाळंच्या गाडीत बसून चौसाळ्याला जात्यात. ऱ्हायलेली फडावर जाणार. चार वर्सांत शाळा बंद पडंल बघा. मंग देऊळबी गेलं आन् शाळाबी."

मिस त्यांच्याकडं वळून बसल्या. मग म्हणाल्या, "दानियल, देव मला कुठंबी भेटंल. माझ्या वसरीवर भेटंल. ह्या पोरांला शाळा कुठंबी भेटणार न्हाई."

"आन् बापाचं काय?"

"बापानं आधी शाळा बांधली व्हती. देवळाचा क्रूस मागनं आला. मला सासूबाईंनी सांगितलंय."

काका उठले. "तुमाला पोरं आमच्यापरीस जास्त झाली," एवढंच म्हणाले. ढोलकी त्यांनी तिथंच ठेवली आणि बाहेर पडले. बाकीच्या घरांनी एकेक करून होकार दिला. मिसनी सगळ्यांत शेवटी हात वर केला. मला त्या वेळी मिसचा थोडा रागच आला. वाटलं, इतकं द्यायची काही गरज नव्हती. अजून काही वर्षं अर्ज करत, तारखा घेत काढता आली असती. पण मी काढली असती ती वर्षं कागदावरची. पोरांची वर्षं तशी थांबत नाहीत.

कायद्याच्या पायऱ्या चढायला वेळ लागला, पण झालं. क्रूस काढून मिसच्या घरी नेला. जुन्या दगडी भिंती ठेवून वर स्लॅब पडला, शेजारी आणखी एक खोली उठली. रविवारची उपासना मिसच्या वसरीवर सुरू झाली. पाच घरांतली तीनच यायची. दानियलकाका पुन्हा आले नाहीत. नाताळला नाही, मिस आजारी पडल्या तेव्हाही नाही. बीडला मी त्यांना दोनदा भेटले. पहिल्यांदा चहा पाजला आणि विषय निघू दिला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "ॲडव्होकेट बाई, त्या खोलीचं सोडून काय बी बोला." ढोलकी वसरीच्या खुंटीला टांगलेली असायची. ती कुणी वाजवायची नाही. मिस भजन उचलायच्या आणि गुडघ्यावर तळव्यानं ठेका धरायच्या. एका रविवारी मी गेले होते. भजन मधेच थांबवून त्या म्हणाल्या, "शमीम, ठेका चुकतोय गं. दानियल असता तर चुकला नसता." मग पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. त्यांना काकांची किती आठवण येत होती हे मला त्या दिवशी कळलं, आणि दिलेल्या खोलीबद्दल त्यांना पस्तावा नव्हता हेही. दोन्ही एकदमच असू शकतं.

शेवटच्या आजारात त्यांनी मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या. "माझ्यासाठी शाळा सोडायची न्हाई. गुरुजी इच्यारतील, न्हाई म्हणायचं. आन् मला खोलीत न्ह्यायचं न्हाई. वर्ग भरल्याला आसंल." मी हो म्हटलं. असल्या वेळी वाद घालायची सवय वकिलालाही आवरावी लागते.

मिस नाताळनंतर गेल्या, थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी. मुलं पुण्याहून पोचली. टोळ्या गेलेल्या, त्यामुळे गाव ओस. म्हातारी माणसं आणि दारांना कुलपं. खांदा द्यायला माणसं जमवावी लागत होती. गुरुजी आले, तरुण माणूस, डोळे लाल झालेले. शाळा सोडतो म्हणाले, हवं तर खोलीही मोकळी करून देतो. मी मिसचा निरोप सांगितला आणि त्यांना वर्गावर परत पाठवलं. तेवढ्यात दानियलकाका आले. केस पांढरे झालेले. त्यांनी शवपेटीत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि वळून मला म्हणाले, "वहिनीला देवळात न्ह्यायचं. बापाच्या देवळात. मी काय ऐकणार न्हाई."

मी निरोप सांगितला. ते म्हणाले, "त्या कायबी म्हणतील. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचंच बघितलं. आज एक दिस त्यांचं बघू. मी सांगतो गुरुजीला." आणि चालू लागले. मी मागोमाग गेले. त्यांना अडवायचं कसं हे मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अडवावं की नाही हेही कळत नव्हतं. त्यांचं मागणं चूक नव्हतं.

काका शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. खोली सोडून गेले होते त्यानंतर पहिल्यांदाच. खोली भरलेली होती. बाहेर सगळं गाव रिकामं, आणि आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पोरं. आईबाप ऊस तोडायला गेलेली, आजीच्या नाहीतर चुलत्याच्या घरी राहिलेली, दारातून हाक ऐकून आलेली. गुरुजी फळ्यावर हातच्याची वजाबाकी सांगत होते. त्यांनी आम्हांला पाहून खडू खाली ठेवला. पोरांनी वळून बघितलं. काकांनी हातानंच गुरुजींना चालू ठेवा म्हणून खूण केली. मग दाराच्या चौकटीला धरून ते तसेच उभे राहिले. त्यांची नजर एका पोरावरून दुसऱ्या पोरावर जात होती, आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेल्यावर त्यांनी डोळे पुसले.

परत आलो. माणसं पेटीभोवती वाट बघत होती. थोरल्या मुलानं विचारलं, "काका, न्ह्यायचं का आत?" काकांनी पेटीचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला. "चला," म्हणाले, "वर्ग चालू हाय."

दफनभूमी गावाच्या टोकाला, वाट शाळेवरूनच. म्हातारी माणसं गात निघाली. शाळेची भिंत आली तशी काकांनी मान वळवून बघितलं आणि गाणं आपोआप थांबलं. कुणी सांगावं लागलं नाही. पावलांचा आवाज तेवढा येत होता, आणि आतून पोरं एकदम काहीतरी वाचत होती. भिंत संपली, ओढ्याचा उतार लागला. तिथं दानियलकाकांनी खांद्यावरचं ओझं सारखं केलं, घसा खाकरला आणि गाणं पुन्हा उचललं.